माझी नजर आणि यंत्राचं बनियन

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून रोजनिशी. कारण एकच. पुढेमागे कुणी म्हणायला नको की सरांना हे आधी कळलं नव्हतं. मला सगळं आधीच कळतं, फक्त लिहून ठेवलेलं नसतं.

क्लबच्या मुलींचा फुटबॉल संघ मी उभा केला. काचेच्या कपाटातले बहुतेक कप माझ्या काळातले. आता सेक्रेटरींना एकाएकी साक्षात्कार झालाय की संघाला डेटा हवा. त्यांनी विश्लेषक नेमला. विश्लेषक म्हणजे कोण, तर आमची सूनबाई! ही बातमी मला क्लबच्या फळ्यावर वाचून कळली. घरी येऊन जाब विचारला, तर बायको म्हणाली, अहो, जेवताना सांगितलं होतं की तिने, तुम्ही तेव्हा मीठदाणी सरकवून ऑफसाइड समजावत होता.

२४ तारखेला कमिटीची बैठक आहे. ९ मार्चच्या अंतिम सामन्याला मुख्य प्रशिक्षक कोण, ते तिथे ठरणार. म्हणजे साइडलाइनवर मी उभा राहणार की नाही, हे आता खुर्चीत बसणारे लोक ठरवणार. हा प्रश्न त्यांना पडूच कसा शकतो?

संकल्प: शांत राहायचं. पण बधायचं नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

शांत राहिलो नाही.

सूनबाईने मैदानावर खोकं उघडलं. आत आखूड, घट्ट बनियनं. जर्सीच्या आत घालायची. पाठीवर एक खिसा, त्यात काडेपेटीएवढं यंत्र. कोण किती पळालं, किती जोरात पळालं, छातीचे ठोके किती पडले, ते सगळं लॅपटॉपवर रेघांमध्ये दिसतं. मी म्हणालो, माझ्याकडे नजर आहे. मुलगी बुटाची नाडी कशी बांधते त्यावरून रात्री झोप झाली की नाही ते मी सांगतो. त्यावर सूनबाई म्हणाली, बाबा, किती छान, हेसुद्धा आपण नोंदवत जाऊ. नोंदवत जाऊ म्हणे! जसं काही नजर म्हणजे विजेचं मीटर.

सगळ्यात आधी बनियन कुणी घातलं, तर माझ्या सहायकाने, खांबाने. हा माझाच जुना विद्यार्थी, एके काळचा गोलकीपर. गोलमध्ये खांबासारखा उभा राहायचा आणि चेंडू शेजारून निघून जायचा, म्हणून हे नाव मीच दिलं. आज तो बनियन घालून आरशात बघत होता. फितूर.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

पहिला निकाल आला. म्हणे संघात सर्वांत जास्त पळते ती मौनी.

मौनी म्हणजे आमची मधल्या फळीतली, तोंडातून शब्द न काढणारी मुलगी. तिला मी आळशी म्हणून बाकावर बसवत आलोय. सूनबाईने रेघ दाखवली. इकडून तिकडे, तिकडून इकडे, सारखी चालूच. मी म्हणालो, हे मला पहिल्यापासून माहीत होतं, तिची जिद्द वाढावी म्हणून मुद्दाम बसवत होतो. सूनबाईने विचारलं, कधीपासून? म्हटलं, दोन मोसम. जिद्द हळूहळूच वाढते.

 मौनीने माझ्याकडे असं पाहिलं की मी उगाच शिट्टी पुसत बसलो.

१० फेब्रुवारी, सोमवार

रात्रभर विचार करून एक धोरण आखलं आहे. विरोध करायचाच नाही. समन्वय करायचा! जुनं शहाणपण आणि नवं तंत्र, दोन्ही माझ्याच हातात. मग बैठकीत कुणाची काय टाप आहे?

पहिलं पाऊल म्हणून सूनबाईला विचारलं, खेळाडूंच्या मेहनतीचं मोजमाप होतं, मग प्रशिक्षकाच्या का नाही? साइडलाइनवर कोण किती राबतं ते कमिटीलाही कळू दे. मलाही बनियन दे. मला वाटलं हसेल, वाद घालेल. ती लगेच हो म्हणाली. शिवाय म्हणाली, रोज घाला हं बाबा, एकही दिवस चुकवू नका. विरोधक इतक्या पटकन हो म्हणाला की काळजी वाटते.

बनियन चढवायला खांबाची मदत घ्यावी लागली. काढायला खांब आणि बायको दोघांची.

१२ फेब्रुवारी, बुधवार

लॅपटॉप शिकायला बसलो. कमिटीसाठी स्वतः तक्ता बनवणार आहे. चौकटीत आपली रचना लिहिली, चार-चार-दोन. एंटर दाबल्याबरोबर संगणकाने तिची तारीख करून टाकली. चार एप्रिल, दोन हजार दोन. पुन्हा लिहिलं, पुन्हा तीच तारीख. रचना बदलून चार-तीन-तीन लिहिली, तर म्हणाला चार मार्च. याला फुटबॉल कळत नाही याचा आणखी काय पुरावा हवा? लेखी तक्रार करायचं ठरवलं होतं. पण कुणाकडे करायची ते कळलं नाही.

क्लबचा जिना चढताना मधे थांबावं लागलं. मागच्या दुरुस्तीत पायऱ्या उंच केलेल्या दिसतात. सेक्रेटरींना विचारलं पाहिजे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

शेजारच्या क्लबाशी सराव सामना झाला. जिंकलो.

भिरभिरं, म्हणजे आमची उजव्या बगलेवर धावणारी, एका जागी ठरत नाही ती, सारखी आत घुसत होती. ओरडून ओरडून घसा बसला. रेषेला धरून पळ, रेषेला धरून पळ! मध्यंतरात सूनबाई खुर्ची घेऊन आली आणि बसा म्हणाली. पाणी दिलं. चक्कर येते का, छातीत धडधडतं का, असं विचारलं. म्हटलं, बनियन घट्ट आहे. त्यापेक्षा मोठं नाही का, असं विचारलं तर म्हणाली, हेच सर्वांत मोठं आहे.

मी बसलो नाही. साइडलाइनवर बसलेला प्रशिक्षक म्हणजे टेकू लावलेली भिंत. मुली बघत असतात.

१६ फेब्रुवारी, रविवार

घरात कट शिजतो आहे. बायको आणि सूनबाई स्वयंपाकघरात कुजबुजतात आणि मी गेलो की गप्प होतात. चिरंजीव नोकरीच्या गावी असतात. एरवी फोन येतो तो त्यांची कुठली तरी वस्तू इथे राहिली म्हणून. आज फोन करून नुसती तब्येत विचारली. मी विचारलं, तुझं काय राहिलंय इथे? तर म्हणाला, बाबा, डॉक्टरला दाखवून या ना एकदा.

मतलब उघड आहे. आधी आजारी ठरवायचं, मग घरी बसवायचं आणि खांबाला माझ्या जागी उभं करायचं. माझ्याच घरातून! वाईट वाटलं. खरंच वाईट वाटलं. सूनबाई घरात आली तेव्हा मी तिला मुलीसारखी मानली, ऑफसाइड शिकवला.

त्यांनी परस्पर उद्याची डॉक्टरची वेळ घेतली आहे. मी जाणार नाही, उद्या सराव आहे. (उद्या सराव नसतो. पण ठेवता येईल.)

१८ फेब्रुवारी, मंगळवार. संध्याकाळ

डाव टाकला!

सेक्रेटरींच्या खोलीत सगळ्यांसमोर छाती ठोकून सांगितलं. २४ तारखेच्या बैठकीत भिंतीवर सगळ्या रेघा लावा. नावं झाकून. मी नुसत्या रेघा बघून सांगतो की ही कोण, हिचा गुण काय, दोष काय आणि अंतिम सामन्याला हिला खेळवावं की नाही. एक जरी चुकलो तर शिट्टी काढून टेबलावर ठेवीन. आणि बरोबर आलो तर अंतिम सामन्याला साइडलाइनवर मीच, आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही.

सेक्रेटरी म्हणाले, सर, कशाला एवढं. मी म्हणालो, लिहून घ्या. खांब म्हणाला, सर, मला तर माझीच रेघ ओळखता येत नाही. त्यात नवल ते काय?

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

अभ्यास चालू आहे. आणि एक गोष्ट इथे कबूल करायला हरकत नाही, कारण इथे कुणी वाचत नाही. या रेघा मला आवडायला लागल्यात.

भिरभिऱ्याची रेघ उसळते आणि एकदम पडते. पडते तेव्हा ती कमरेवर हात ठेवून उभी असते, हे मला डोळे मिटूनही दिसतं. आमची कॅप्टन, आत्या. संघात वयाने मोठी आणि सगळ्यांना दटावते म्हणून आत्या. तिची रेघ इतरांच्या आधी मागे सरकते. समोरच्या संघाने पास द्यायच्या आतच ही निघालेली. वर्षानुवर्षं मी हेच सांगत आलो की आत्याला वास येतो. कुणाला पटायचं नाही. आता कागदावर आहे. सूनबाईला दाखवलं तर तीही खूश झाली. म्हणाली, बाबा, नुसत्या आकड्यांवरून मला हे दिसलंच नसतं. दोघांनी मिळून चहा घेतला. छान वाटलं.

नंतर तिने पुन्हा डॉक्टरचा विषय काढला आणि सगळं नासवलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

उद्या बैठक. सूनबाईला शेवटची ताकीद दिली. १५ तारखेच्या सराव सामन्यात ज्या ज्या अंगावर बनियन होतं, ती प्रत्येक रेघ भिंतीवर लागली पाहिजे. एकही गाळायची नाही. सोप्या सोप्या लावल्यास, तर लोक म्हणतील सासऱ्या-सुनेचं संगनमत आहे.

तिने विचारलं, अगदी सगळ्या, बाबा? म्हटलं, सगळ्या. ती म्हणाली, एखादी राहू दे का? म्हटलं, का, कुणाला लपवतेस?  ती म्हणाली, त्याआधी आपण दोघं शांतपणे बोलू या का जरा. मी जरा चढ्या आवाजात सांगितलं की बोलणं उद्या होईल, कमिटीसमोर! नंतर पलंगावर पडावं लागलं. चढा आवाज मला हल्ली सोसत नाही. घसा.

२४ फेब्रुवारी, सोमवार

बैठक झाली. जेवण नको म्हणालो. लवकर झोपतो.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण रोजनिशी ती रोजनिशी.

सुरुवात अशी झाली की कमिटीने तोंडात बोटं घातली. भिंतीवर रेघा. मी छडी घेऊन उभा. ही आत्या, आधी मागे सरकते बघा. ही मौनी, अंतिम सामन्यात पूर्ण वेळ खेळवा, मधली फळी हीच तोलून धरेल. हे भिरभिरं, रेषेला धरून ठेवलं तर सोनं. एकामागून एक. एकही चुकलं नाही. खांबाने तर टाळ्या वाजवल्या. त्याची रेघ एका जागी होती, ती पहिल्या फटक्यात ओळखली. सेक्रेटरी आपल्या जागेवरून उठून जवळ येऊन बघायला लागले.

मग शेवटची रेघ राहिली.

मी तिच्याकडे पाहिलं आणि मला तिची कीव आली. वेग नाही. मैदानाच्या आत पाऊल नाही, कडेकडेने नुसत्या येरझाऱ्या. चेंडू दुसऱ्या टोकाला असतानाही छातीचे ठोके शिगेला. आणि ठोके तरी कसे, एक इकडे, एक तिकडे, मधेच एखादा गायब. सूनबाई उठून म्हणाली, बाबा, ही राहू द्या. मी तिला हाताने खाली बसवलं आणि कमिटीला माझ्या आयुष्यातलं सर्वांत चांगलं निदान ऐकवलं. म्हणालो, हिचं नाव मी घेणार नाही, कुणाचा अपमान नको. पण ही खेळत नाही, ही नुसती तळमळते. हिच्या तळमळीचा संघाला काडीचा उपयोग नाही, उलट बाकीच्या बिचकतात. हिचं काळीज थकलंय. हिला आधी डॉक्टरकडे न्या आणि मग घरी बसवा. अंतिम सामन्याला हिने मैदानाच्या कडेलासुद्धा उभं राहता कामा नये. राहिली तर एखाद्या दिवशी तिथेच कोसळेल आणि पाप आपल्या माथी येईल.

सेक्रेटरींनी विचारलं, सर, नक्की? मी म्हणालो, लिहून घ्या. माझ्या नावाने.

 खांब बुटांकडे बघत होता. सूनबाईच्या डोळ्यांत पाणी. मग तिने अगदी हळू सांगितलं की ती रेघ तुमची आहे, बाबा.

बनियनाचं माझ्या लक्षातच नव्हतं. रोज अंगावर चढवायचो, पण भिंतीवरची शेवटची रेघ त्यातूनच आली असेल हे डोक्यात आलं नाही. रेघा मुलींच्या असतात, इतकंच माझ्या डोक्यात. मी शिट्टी काढायला लागलो. सेक्रेटरी म्हणाले, सर, तुम्ही चुकला नाहीत, एकही नाही. ते ऐकून जास्तच लागलं.

नंतर बाहेरच्या बाकावर सूनबाई शेजारी येऊन बसली. म्हणाली, मला तुमचे ठोके पहिल्याच दिवशी खटकले होते, आईंना आणि ह्यांना सांगितलं, तुम्हाला सांगायला गेले की तुम्ही सराव ठेवायचात. मी उठून चालू लागलो. घरापर्यंत ती एक पाऊल मागून चालत आली. मी पडलो तर धरायला. ते मला कळत होतं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

डॉक्टरकडे गेलो. कुणी नेलं म्हणून नाही, आपल्या मनाने गेलो. बायको एका बाजूला आणि सूनबाई दुसऱ्या बाजूला होती, तो योगायोग.

हृदयाची लय बिघडली आहे. गोळ्या. दगदग नको, जिने नको, आणि डॉक्टरने हे दोनदा सांगितलं, ओरडणं बंद. वर म्हणाला, वेळेवर लक्षात आलं, ज्याने ओळखलं त्याचे उपकार माना. मी म्हणालो, मीच ओळखलं! साक्षीदार आहेत, कमिटीच्या कागदावर नोंद आहे. निदान माझं, यांनी नुसता शिक्का मारला. डॉक्टरने बायकोकडे पाहिलं. बायको म्हणाली, लिहून द्या, ओरडणं बंद, मोठ्या अक्षरात.

२ मार्च, रविवार

सेक्रेटरी घरी येऊन गेले. फार सांभाळून बोलत होते, म्हणजे वाईट बातमी. अंतिम सामन्याला साइडलाइनवर खांब आणि सूनबाई. मी विचारलं, हे कुणी ठरवलं? ते म्हणाले, सर, तुमचीच शिफारस आहे ना, तुमच्या नावाने लिहून घेतलेली.

 माझी शिफारस आजवर कमिटीने कधी डावलली नाही, हेही खरं.

ते गेल्यावर गच्चीचं दार लावून एकटाच बसलो. रडलो नाही. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं, दोन्ही डोळ्यांत. इतकी वर्षं त्या चुन्याच्या रेषेबाहेर उभा राहिलो. मला दुसरीकडे उभं राहताच येत नाही.

८ मार्च, शनिवार

उद्या अंतिम सामना. खचलेलो नाही, उलट योजना तयार आहे.

डॉक्टरने ओरडायला बंदी केली आहे, हातवारे करायला नाही. मी प्रेक्षकांत बसणार, पण संघाच्या बाकाच्या बरोबर समोर, मधल्या रांगेत, पिवळा शर्ट घालून. दुसरा कुणी असा पिवळा घालणार नाही, बायकोनेही तेच सांगितलं. आत्याला फोन करून खुणा सांगून ठेवल्या. वर्तमानपत्राची गुंडाळी वर केली तर पुढे सरका. उघडून धरलं तर मागे या. डोक्यावर ठेवलं तर भिरभिऱ्याला रेषेवर पाठव. आत्या सगळ्याला हो सर, हो सर म्हणाली. मागून मुलींच्या हसण्याचा आवाज येत होता, सरावाचा असणार.

खांब कागदावर प्रशिक्षक असेल. संघ माझ्या वर्तमानपत्रावर चालेल. सूनबाईला यातलं काही माहीत नाही. तंत्रज्ञानाला चकवणं अजून जमतं आपल्याला.

९ मार्च, रविवार. संध्याकाळ

जिंकलो.

पहिल्या शिट्टीपासून मी गुंडाळी वर धरली. मग उघडली. मग डोक्यावर ठेवली. मग उभा राहून डोक्यावर ठेवली. मागच्या बाईंनी सांगितलं, काका, ऊन नाहीये, खाली बसा ना, दिसत नाही. बायकोने शर्टाला धरून बसवलं आणि माझी नाडी बघत राहिली. तिने सामना पाहिलाच नाही.

मौनी पूर्ण वेळ खेळली. तिने मधून जो पास काढला तसा मी माझ्या उमेदीतही काढला नसता. भिरभिरं रेषा सोडून आत घुसलं, मी नको नको म्हणत असताना घुसलं, आणि गोल. आत्याने मागे एकही चेंडू सुटू दिला नाही. खांब सगळा वेळ बाकावर बसून होता आणि एकदाही ओरडला नाही. सूनबाईने लॅपटॉपसुद्धा मिटून ठेवला होता, दोन्ही हात गालांवर घेऊन नुसती बघत होती. शेवटची शिट्टी झाल्यावर पोरी एकमेकींच्या अंगावर पडल्या, मग खांबाला उचलला. तो उचलला जातो हे मला माहीत नव्हतं.

मी पिवळ्या शर्टात उभा होतो. सामना सुरू झाल्यापासून संपेपर्यंत अकराजणींतल्या एकीनेही वर पाहिलं नाही. आत्यानेसुद्धा नाही.

खेळताना बाहेर बघायचं नाही, कोण ओरडतंय, कोण हात हलवतंय, काही बघायचं नाही, फक्त चेंडू. हे त्यांना मीच शिकवलं. इतकं पक्कं बसलंय की यंत्रानेसुद्धा मान डोलवावी.

उद्या सूनबाईला सांगून त्यांची ही सवय मोडून घ्यायला हवी.